सल्ला देणाऱ्याने चहा करायचा

किस्से कसे साठतात सांगू? इथल्या प्रत्येक मराठी घरात सिंकखालच्या कपाटात एक मोठी पिशवी असते आणि तिच्यात सुपरमार्केटच्या बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. पण एक ओढायला जावं तर सात बाहेर येतात. आमच्या शनिवारच्या बैठकीचं तसंच झालंय.

मी नॉटिंगहॅमला दातांचा डॉक्टर आहे. बावीस वर्षं लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसले आहेत आणि बोललं कुणीच नाही. बोलायचं काम माझं. त्यामुळे ऐकायची सवय मला कधी लागलीच नाही, घरीसुद्धा नाही. हे माझ्या बायकोचं आणि मुलीचं मत आहे, आणि त्या दोघींचं सहसा कशावर एकमत होत नाही.

बैठकीत जे बोललं जातं ते बाहेर सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. म्हणून सगळ्यांना विचारून सांगतोय. सगळ्यांनी लगेच ‘सांग की’ म्हटलं. फक्त गोगटेसाहेबांनी परवानगी देताना तीन दुरुस्त्या सुचवल्या.

*

सुरुवात एका अक्कलदाढेपासून झाली.

दाढ वेनची. वेन कॅनडातल्या क्री नावाच्या आदिवासी समाजातला. इथल्या मुलीशी लग्न करून नॉटिंगहॅमला आला आणि हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट झाला. इंजेक्शनचा असर होईपर्यंत मी आपला सवयीने बोलत होतो. माझी मुलगी ईशा सतरा वर्षांची आहे, आठवड्यातून माझ्याशी चार वाक्यं बोलते, त्यातली दोन वाय-फायबद्दल असतात, वगैरे.

पुढे दाढ निघेना आणि मीही थांबेना. ईशा लहानपणी माझ्या पोटावर कशी झोपायची, माझे वडील माझ्याशी कसे बोलायचे, म्हणजे कसे बोलायचे नाहीत, सगळं सांगून झालं. पाऊण तास! वेन बिचारा तोंड उघडं ठेवून डोळ्यांनी हो-हो करत होता.

शेवटी दाढ निघाली. त्याने चूळ भरली, गालाला हात लावला आणि बधिर ओठांनी विचारलं, "बरं वाटलं ना?"

"हे मी तुला विचारायचं असतं," मी म्हणालो.

"तुझ्याबद्दल विचारतोय. आमच्याकडे बापलोक गोल करून बसतात आणि हेच करतात. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही." मग गाल चोळत म्हणाला, "फक्त आमच्याकडे त्यासाठी दुसऱ्याला भूल द्यावी लागत नाही."

*

मी हे आमच्या मराठी मंडळात मांडलं. आमचे अध्यक्ष गोगटेसाहेब. रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते, आता रिटायर झालेत, पण लाल-हिरवा दाखवायची सवय गेलेली नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोलात अध्यक्षांनी कुठे बसायचं?"

वेन म्हणाला, "गोलाला अध्यक्ष नसतो."

"मग आभार कोण मानणार?"

पहिल्या शनिवारी सकाळी चर्चशेजारच्या हॉलमध्ये गेलो तर आठ खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या. त्यातल्या एकीला हात होते आणि वर उशी होती. "माझी पाठ दुखते," गोगटेसाहेब म्हणाले. वेन फिजिओ. त्याने तिथल्या तिथे त्यांना जमिनीवर आडवं केलं आणि पाठीचे पाच व्यायाम करून घेतले. पुढच्या शनिवारी साहेब साध्या खुर्चीवर बसले.

मग प्रश्न आला वस्तूचा. गोलात एक वस्तू हातोहात फिरते आणि ज्याच्या हातात ती असेल, त्यानेच बोलायचं. वेन म्हणाला, "आमच्याकडे गरुडाचं पीस असतं. ते आमचं आहे, मी देणार नाही. तुमच्या वाडवडिलांच्या हातातलं काहीतरी आणा."

"श्रीफळ!" सतीश म्हणाला. सतीश आमच्यातला तरुण, म्हणजे सेहेचाळीस वर्षांचा. कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो. काय, ते त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही.

नारळ आणला आणि पहिला मान म्हणून गोगटेसाहेबांच्या हातात दिला. आता मराठी माणसाच्या हातात चारचौघांत नारळ दिल्यावर काय होणार? साहेब उठून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. "आदरणीय डॉक्टर लोहकरे, आजचे पाहुणे श्री. वेन आणि बंधूंनो! खरं तर मी या सत्काराला पात्र नाही..."

बारा मिनिटं! आम्ही कुणीही कुठल्याही भाषेत बोलावं, मला चेहरे कळतात, असं वेनने आधीच सांगितलं होतं. तो शांतपणे ऐकत होता. भाषण संपल्यावर त्याने विचारलं, "आत्ता तुम्हाला आतून काय वाटतंय?"

"मी आपल्या सर्वांचा ऋणी आहे!" साहेब म्हणाले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

नंतर नारळ लोहकरेंकडे गेला. डॉक्टर लोहकरे छातीच्या आजारांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. हळू बोलणारा माणूस, वर्षभर एकच तपकिरी कोट. त्यांनी नारळ दोन्ही हातांत घेतला, थोडा वेळ धरला, "पास" म्हणाले आणि पुढे दिला. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

आम्हाला एवढंच माहीत होतं की त्यांचा एकुलता एक मुलगा, निखिल, लंडनजवळ इल्फर्डला शाळेत शिकवतो आणि चार वर्षं बापाशी बोललेला नाही. आठ महिन्यांपूर्वी त्याला मुलगी झाली. सुनेने एक फोटो पाठवला होता. तेवढाच. चहाच्या वेळी डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायचे. नात एकदा मांडीवर घ्यायला मिळावी, यापलीकडे त्या माणसाला काही नको होतं. ते बोलले नसले तरी आम्हाला कळत होतं, आणि वाईट वाटत होतं.

*

सल्ला न देणं किती अवघड आहे, हे मराठी माणसाला सांगायला नको.

एका शनिवारी सतीशने नारळ धरून सांगितलं की त्याच्या मुलीला मॅथ्स सोडून ड्रामा घ्यायचाय, आणि आपल्याला राग येतोय की भीती वाटतेय तेच कळत नाही. त्याचे डोळे भरले होते. वेन म्हणाला, "आपण सगळे एक मिनिट शांत बसू."

आम्ही शांत बसलो. आणि सतीशच्या खिशात ‘टिंग’ झालं. परत ‘टिंग’. मग एकदम पाच-सहा. गोगटेसाहेब मांडीवर कोट पसरून बसले होते आणि कोटाखालून व्हॉट्सॲप करत होते! पहिलाच मेसेज: ‘मॅथ्स सोडू देऊ नकोस. मुद्दे खालीलप्रमाणे.’

त्या दिवशी नियम झाला. जो सल्ला देईल किंवा मध्ये बोलेल, त्याने पुढच्या शनिवारचा चहा करायचा. नियम कागदावर लिहून भिंतीला लावायची सूचना गोगटेसाहेबांचीच. पुढचे पाच शनिवार चहाही त्यांचाच. पहिल्या शनिवारी त्यांनी टी-बॅग काढलीच नाही. दुसऱ्या शनिवारी घातलीच नाही. पाचव्या शनिवारी चहा चांगला झाला, आणि सतीश भाबडेपणाने म्हणाला, "साहेब, आलं थोडं आधी घातलंत तर..."

"सल्ला!" साहेब ओरडले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

*

एकदा वेनने घरचा अभ्यास दिला. आपल्या मुलाला किंवा मुलीला विचारायचं, ‘कशी आहेस?’ आणि दहा मिनिटं एक शब्द न बोलता ऐकायचं.

मी ईशाच्या खोलीत गेलो, पलंगाच्या कडेला बसलो, विचारलं आणि गप्प झालो. तिने हेडफोन काढले. माझ्याकडे बघितलं. मी गप्प. तिने भुवया उंचावल्या. मी गप्प. तिसऱ्या मिनिटाला ती खाली पळाली.

"आई! बाबाला काय झाला? ही इज जस्ट सिटिंग देअर. इज ही डाइंग?"

अनुजा, म्हणजे माझी बायको, हातातलं पीठ तसंच ठेवून वर आली. दोघी दारात उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे मला बोलायचं नव्हतं, त्यामुळे मी फक्त मान हलवली. त्याचा अर्थ त्यांनी ‘हो’ असा घेतला. शेवटी मी नियम मोडून सगळं समजावून सांगितलं, तेव्हा अनुजाने "अहो, आधी सांगायचं ना!" म्हणून पिठाचाच हात कपाळावर मारला.

मग ईशा दारातच उभी राहून बोलली. अकरा मिनिटं. शाळा, मैत्रिणी, कुणीतरी तिला काहीतरी बोललेलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, "बाबा, मी रडते ना, तेव्हा तू माझे दात बघतो."

खरं होतं ते. लाज वाटली मला.

*

एका शनिवारी विषय निघाला ‘व्हेअर आर यू फ्रॉम’चा. दुकानात, बसमध्ये, पार्टीत गोरी माणसं विचारतात. ‘नॉटिंगहॅम’ म्हटलं की ‘नो, ओरिजिनली?’ ज्याच्या-त्याच्याकडे किस्सा होता. सतीश तर लालच झाला. "वीस वर्षं इथे काढली तरी मी कुठून आलो याच्याशी तुम्हाला काय करायचंय!" आम्ही माना डोलवल्या.

तेवढ्यात दार उघडून एक नवे गृहस्थ आले. पहिल्यांदाच आलेले. मराठी आहेत एवढं कळलं, आडनावावरून पुढचं काही कळेना. गोगटेसाहेब हसतमुखाने उठले. "या, या! मूळचे कुठले तुम्ही?"

आम्ही सगळे उत्सुकतेने पुढे झुकलो. गाव कळलं की आडनाव लागतं, आडनाव लागलं की जात आपोआप कळते, आणि कुणी कुणाला काही विचारलं असं होत नाही. फार सोयीचा प्रश्न आहे.

लोहकरे मोठ्याने हसले! त्यांना हसताना आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. काय झालं विचारलं तर म्हणाले, "इंग्रजांनी मला हा प्रश्न दोनदा विचारला असेल. मंडळात सव्वीस वर्षं विचारताहेत."

"मग तुम्ही काय सांगता?" वेनने विचारलं.

"नगरकडचे."

"हो, पण नगरमध्ये नक्की कुठले?" गोगटेसाहेब म्हणाले.

नवे गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

*

वेन स्वतः फार कमी बोलायचा. एकदाच त्याने नारळ धरून आपल्या घराचं सांगितलं. त्याच्या आजोबांना लहानपणी घरातून उचलून निवासी शाळेत नेलं होतं. तिथे आपली भाषा बोललं की मार. मोठे होऊन परत आले तेव्हा मुलाला जवळ कसं घ्यायचं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांना कुणी घेतलंच नव्हतं. मग त्यांच्या मुलाला, म्हणजे वेनच्या वडिलांनाही ते जमलं नाही. वडील पन्नाशीत पहिल्यांदा असल्या गोलात बसायला लागले. त्यांच्यात पुरुषही वेण्या घालतात. एके दिवशी घरी येऊन एकोणीस वर्षांच्या वेनला म्हणाले, "बस इथे, तुझी वेणी घालतो."

"फार वाकडी घातली," वेन म्हणाला. "मी चार दिवस सोडली नाही."

गोगटेसाहेबांना शांतता सहन होत नाही. नारळ त्यांच्याकडे आला होता, त्यामुळे बोलायचा हक्कही होता. "आमच्याकडेही आदिवासी आहेत बरं का," ते वेनला म्हणाले. "फार साधी माणसं. भोळी. निसर्गाच्या जवळ राहणारी."

"तुमच्या ओळखीचं आहे कुणी?" वेनने विचारलं.

"पर्सनली, नाही."

साहेबांनी नारळ शेजारी लोहकरेंच्या हातात दिला. डॉक्टरांनी तो नेहमीपेक्षा बराच वेळ धरला. मग "पास" म्हणाले.

*

आठवडाभर नारळ गोगटेसाहेबांच्या देवघरात असायचा. एका रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले आणि वहिनींनी तो फोडून त्याच्या वड्या केल्या. त्यामुळे पुढच्या शनिवारी नारळाऐवजी वड्यांचा डबा आला. "वडी फिरवू या का?" असं म्हणून फिरवूनही बघितली. सतीशपर्यंत पोचली आणि संपली.

आता काय फिरवायचं, यावर चर्चा सुरू झाली. गाडीची किल्ली, पेन, गोगटेसाहेबांचा चष्मा. तेवढ्यात लोहकरेंनी त्या तपकिरी कोटाच्या खिशात हात घातला आणि तळहातावर काहीतरी काळं, सुरकुतलेलं, खारकेच्या बीएवढं ठेवलं.

"हिरडा!" गोगटेसाहेब म्हणाले. "खोकल्यावर उत्तम! रात्री झोपताना मधातून..."

"चहा," आम्ही सगळे म्हणालो.

पण डॉक्टरांनी हिरडा पुढे दिला नाही. मूठ मिटली आणि पहिल्यांदा बोलायला लागले.

"माझी आई डोंगरात हिरडा गोळा करायची. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की मीही जायचो. अंगणभर वाळत टाकलेला असायचा. मी मेडिकलला निघालो तेव्हा तिच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. मूठभर हिरडा दिला. त्यातला हा एक राहिलाय." मग गोगटेसाहेबांकडे वळले. "मी महादेव कोळी आहे. आदिवासी. तुम्ही म्हणालात, पर्सनली कुणी ओळखीचं नाही. सव्वीस वर्षं तुमच्या घरी गणपतीला जेवतोय मी."

गोगटेसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. दंतवैद्य म्हणून सांगतो, इतकं उघडं मी क्वचित पाहिलंय.

डॉक्टर पुढे बोलत राहिले. मंडळात कधी सांगितलं नाही, तसं घरातही सांगितलं नाही. निखिलला कधी गावाला नेलं नाही. भारतात गेले की पुण्याचं हॉटेल, आणि आईला तिथे आणायचं. ती गेली तेव्हा एकटेच जाऊन आले. निखिलला तिशीत कुठूनतरी कळलं, तो स्वतःच्या स्वतः गावाला जाऊन आला आणि त्याने विचारलं, का लपवलंस? "मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही."

कॅनडातल्या आदिवासीचं ऐकायला आम्ही दर शनिवारी वेळेवर येत होतो. आमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आम्ही सव्वीस वर्षांत ‘नगरमध्ये नक्की कुठले’ याच्यापुढे काही विचारलं नव्हतं. मला स्वतःचा फार राग आला. गोगटेसाहेब उठले, लोहकरेंच्या समोर जाऊन उभे राहिले आणि काही न बोलता परत येऊन बसले. त्यांच्या मानाने हे फारच झालं.

*

त्याच्या पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी मूठ उघडून विचारलं, "मी निखिलला पत्र लिहायला घेतलंय. काय लिहू? सांगा."

नियम भिंतीवर होता. आम्ही सगळे बुटांकडे बघत बसलो. गोगटेसाहेबांनी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि चेहरा लालबुंद झाला होता.

"कमाल आहे," लोहकरे म्हणाले. "मागितला नव्हता तेव्हा ढीगभर सल्ला होता. आता मागतोय तर कुणी देत नाही!"

त्यांनी तळहातावरच्या हिरड्याकडे बघितलं. मग तेच म्हणाले, "पत्र नकोच. हाच पाठवतो."

"फक्त साध्या पाकिटात घालू नका," गोगटेसाहेबांच्या तोंडून निसटलं. "मशीनमध्ये चिरडेल. आतून गादीचं पाकीट घ्या." आणि लगेच स्वतःच म्हणाले, "चहा माझा. माहितेय."

हिरडा इल्फर्डला गेला. आमच्याकडे फिरवायला काही उरलं नाही, म्हणून तीन शनिवार चहाचा चमचा फिरवला. पोस्टाने काही आलं नाही, फोन नाही, मेसेज नाही. चमचा डॉक्टरांकडे आला की ते परत "पास" म्हणायला लागले होते.

चौथ्या शनिवारी दार उघडलं. दाढीवाला एक तरुण आत आला. छातीशी पट्ट्यांनी बांधलेलं बाळ, एक हात बाळाच्या डोक्यावर, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"सॉरी. एम-वनला ट्रॅफिक होता."

लोहकरे अर्धवट उठले आणि तसेच खाली बसले. त्यांच्या शेजारची खुर्ची सतीशने पटकन मोकळी केली. निखिल बसला. वेनने त्याला एका वाक्यात नियम सांगितला. "ज्याच्या हातात ते आहे तो बोलेल, बाकी कुणी बोलणार नाही."

निखिलने मूठ उघडली. हिरडा होता.

"माझी मराठी बरोबर नाही. इज दॅट ओके?" तो म्हणाला. "मी लहान होतो तेव्हा पुण्याला हॉटेलमध्ये आजी यायची. आजी बोलायची आणि बाबा मला सांगायचा ती काय बोलली. मला वाटला आजीचा लँग्वेज वेगळा आहे. मग मी गावाला गेलो. आजी नव्हती. पण काका बोलला, काकी बोलली, अँड आय अंडरस्टूड एव्हरीथिंग! ती मराठीच बोलत होती, बाबा. तू मराठीचं मराठीत ट्रान्सलेशन करत होता!"

तो बराच वेळ बोलला. आजीच्या भिंतीवर आपले शाळेतले सगळे फोटो ओळीने लावलेले होते, ते काकी अजून पुसते, हेही सांगितलं. लोहकरे एकदाही ‘पण’ म्हणाले नाहीत. हात मांडीवर ठेवून ऐकत होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"लास्ट थिंग," निखिल म्हणाला. "लहानपणी विचारला होता, तू सांगितला नाही. बाबा, आपण मूळचे कुठले?"

आणि त्याने हिरडा बापाच्या तळहातावर ठेवला.

सव्वीस वर्षं आम्हाला ‘नगरकडचे’ हे उत्तर पुरलं होतं. मला वाटलं, आता "पास" म्हणतात की काय.

"राजूरला एसटीतून उतरायचं," लोहकरे म्हणाले. "बाजारातून बाहेर पडलं की चढ. तिथून दोन तास चालायचं. खिंड लागते. खिंडीत वारा असतो, टोपी धरून जायची. खाली उतरलं की ओढा. पावसाळ्यात माझा बाप मला खांद्यावर घेऊन तो ओढा ओलांडायचा. ओढ्याच्या पलीकडे उजव्या हाताला उंबर..."

"लेफ्ट," निखिल म्हणाला.

"उजव्या. त्या उंबराखालून पायवाट..."

"नो, बाबा. तिकडे आता ब्रिज आहे. ब्रिज वरच्या साइडला. सो यू कम फ्रॉम देअर, उंबर लेफ्टला येतो."

"पूल? कधी झाला?"

"तू नंतर गेलाच नाही, तुला कसं माहीत! थांब, दाखवतो."

दाखवायला दोन्ही हात लागत होते आणि बाळ मध्ये येत होतं. त्याने पट्ट्या सोडल्या, बाळ शेजारच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून जमिनीवर सामान मांडायला लागला. बिस्किटांचा डबा म्हणजे खिंड, चमचा म्हणजे ओढा, माझा मोबाइल म्हणजे पूल, कप म्हणजे उंबर. "सी? लेफ्ट."

शेजारची मांडी लोहकरेंची होती. त्यांच्या एका हातात हिरडा होता, दुसऱ्या हाताने त्यांनी नातीला पोटाशी धरलं होतं. खाली मांडलेल्या गावाकडे ते बघतही नव्हते. उंबर कुठल्याही हाताला असता तरी त्यांना चालला असता.

गोगटेसाहेबांनी घसा खाकरला.

"एक मिनिट! हिरडा डॉक्टर लोहकरेंच्या हातात आहे. हा मुलगा मध्ये बोलला. एकदा नाही, चारदा!" त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "नियम म्हणजे नियम. पुढच्या शनिवारचा चहा याचा."

साहेब काय म्हणाले ते वेनने मला विचारलं, मी सांगितलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

निखिल तसाच जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. त्याने वर बापाकडे बघितलं.

"बाबा," तो म्हणाला, "तू चहात साखर घेतो का?"